‘स्टे आणला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आहे: एका कंपनीबद्दल आधी ‘निकालाला स्थगिती’ अशी बातमी वाचली, काही महिन्यांनी ‘मोरेटोरियम लागू’ अशी. दोन्ही एकच का? आणि निकालाला स्थगिती मिळाली म्हणजे निकाल फिरला असं समजायचं का?

दुसरं आधी घेतो. निकाल फिरत नाही. तो जागच्या जागी असतो, थांबते ती त्याची अंमलबजावणी. आपल्याकडे बांधाच्या भांडणातला माणूससुद्धा ‘स्टे आणलाय’ हे दावा जिंकल्याच्या थाटात सांगतो, त्यामुळे हा गैरसमज पक्का बसलेला आहे.

योगायोगाने सर्वोच्च न्यायालयाने हा फरक उलगडला तो एका बुडत्या कंपनीच्याच प्रकरणात. श्री चामुंडी मोपेड्स ही कर्नाटकातली आजारी कंपनी. ती गुंडाळावी असं मत आजारी उद्योगांसाठीच्या मंडळाने, म्हणजे बीआयएफआरने दिलं. त्यावरचं कंपनीचं अपील फेटाळलं गेलं. मग कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयातून त्या फेटाळणीला स्थगिती मिळवली. इकडे जागामालक जागा खाली करून मागत होता. कंपनी म्हणाली, फेटाळणीलाच स्थगिती आहे, म्हणजे आमचं अपील अजून प्रलंबित आहे, आणि अपील प्रलंबित असताना आजारी कंपनीविरुद्ध कारवाई चालत नाही. युक्तिवाद चतुर होता, पण १९९२ साली तो टिकला नाही. हुकूम रद्द झाला तर परिस्थिती हुकमाच्या आधी होती तशी होते. स्थगितीने तसं होत नाही. हुकूम स्थगितीच्या तारखेपासून निष्प्रभ राहतो इतकंच, तो पुसला जात नाही. त्यामुळे निकाली निघालेलं अपील पुन्हा जिवंत झालं नाही.

‘मनाई’ हा शब्दही याच्या जोडीने सर्रास वापरला जातो. मनाई हुकूम पक्षकाराला उद्देशून असतो आणि निघाल्या क्षणी लागू होतो. अंमलबजावणीची स्थगिती खालच्या कोर्टाला उद्देशून असते, आणि त्या कोर्टाला ती कळल्यावरच त्याचे हात बांधले जातात. हे १९६७ सालीच सर्वोच्च न्यायालयात ठरलं आहे. म्हणून तर वरच्या कोर्टातून हुकूम मिळताच वकील दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीची कारवाई, जिथे चालू आहे त्या कोर्टाकडे धाव घेतात. हुकूम पोचण्याआधीच लिलाव उरकला, तर तेवढ्या कारणाने तो आपोआप बेकायदा ठरत नाही. ‘तहकुबी’ मात्र यात आणू नये. ती सुनावणीची असते, पुढची तारीख घेऊन थांबते.

आता पहिला प्रश्न. दोन्ही एक नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१, नियम ५ प्रमाणे नुसतं अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. स्थगिती मागावी लागते, मोठं नुकसान होईल हे दाखवावं लागतं, वेळेत यावं लागतं आणि तारण द्यावं लागतं. पैशांच्या हुकूमनाम्यात (डिक्रीत) तर कोर्ट ‘आधी रक्कम भरा’ म्हणतं. जिच्या तिजोरीत खडखडाट आहे त्या कंपनीची नेमकी इथेच गोची होते.

मोरेटोरियमचं तसं नाही. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानुसार एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, कंपनीच्या दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला की कलम १४ खाली तो जाहीर होतो. कंपनीविरुद्धचे दावे आणि हुकूमनाम्यांची अंमलबजावणी थांबते, तारण लागत नाही. डिक्रीदाराला, म्हणजे ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला त्याला, आपली मागणी घेऊन रिझोल्युशन प्रोफेशनलकडे, म्हणजे ही प्रक्रिया चालवायला नेमलेल्या व्यावसायिकाकडे, इतर धनकोंच्या रांगेत उभं राहावं लागतं. म्हणूनच क्रियापदं वेगळी आहेत: स्थगिती ‘मिळते’ आणि ‘उठते’, मोरेटोरियम ‘लागू होतो’ आणि ‘संपतो’. छत्री मात्र फक्त कंपनीवर. चेक न वटल्याचा खटला कंपनीपुरता थांबतो, संचालकांवरचा चालू राहतो, असं २०२१ मध्ये स्पष्ट झालं. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यालाही आडोसा नाही.

मोरेटोरियमला ‘अधिस्थगन’ म्हणतात, पण तो शब्द वाचून किती जणांना बोध होईल याची मला शंकाच आहे. ‘वसुलीबंदी’ त्यापेक्षा बरा, जरी त्यात दावे थांबणं पुरतं येत नाही. ‘नादारी’ हा जुना शब्द मात्र मला आवडतो. देणं फेडण्याची ऐपत नसणं म्हणजे नादारी, त्यात ‘दिवाळखोर’ मधली शिवी नाही. फक्त आमच्या पिढीला नादारी म्हटलं की शाळेची फीमाफी आठवते!

बातमी लिहिणाऱ्यांना एक विनंती. ‘कंपनीच्या निकालाला स्थगिती’ असा मथळा देऊ नका. अर्थपानावर कंपनीचा निकाल म्हणजे तिमाही नफा-तोटा. ‘कंपनीविरुद्धच्या वसुलीला स्थगिती’ लिहा, जवळपास तेवढ्याच जागेत बसतं.