चिपीच्या विमानतळावर काजूचा गाळा: भाडेपट्टा की परवाना?

प्रश्न: वेंगुर्ल्यात आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळाच्या प्रवासी इमारतीत कोकणमेव्याचा गाळा आणि विमानतळाच्याच आवारात गोदामासाठी थोडी जमीन घेण्याचा विचार आहे. दोन्हींचा एकच भाडेकरार करता येईल का? भाडे ठरवताना काय पाहावे?

उत्तर: एकच करार करू नये. प्रवासी इमारतीतील गाळा सहसा भाडेपट्ट्याने नव्हे, तर परवान्याने दिला जातो. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. परवान्याने केवळ वापराची मुभा मिळते आणि मुदत संपली की जागा सोडावी लागते. त्यामुळे फर्निचरवर किती खर्च करायचा, हे परवान्याची मुदत पाहूनच ठरवावे.

अशा गाळ्यांसाठी बहुधा किमान मासिक हमी रक्कम किंवा विक्रीतील ठरावीक वाटा, यांपैकी जे जास्त असेल ते द्यावे लागते. गोम इथेच आहे. सत्तर आसनांचे एटीआर विमान दिवसातून एकदा आले आणि भरून गेले, तरी तुमचे खरे गिऱ्हाईक निघणारे सत्तरच. उतरणारा प्रवासी गावी जाताना काजू कशाला विकत घेईल? शिवाय 'उडान' या लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेतील मार्गाला तूटभरपाई, म्हणजे विमान कंपनीच्या तोट्यापोटीची मदत, तीन वर्षेच मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपा येथील मनोहर विमानतळ बांदा-सावंतवाडीच्या प्रवाशाला जवळ पडतो. म्हणून उड्डाणे बंद राहिल्यास हमी रक्कम स्थगित होईल आणि फेऱ्या घटल्यास त्या प्रमाणात कमी होईल, असे कलम मसुद्यातच घालून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. भाड्यावरील १८ टक्के जीएसटीही हिशेबात धरावा. मालाच्या यादीतून सुके खोबरे मात्र वगळा: त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक वस्तूंत मोडते.

गोदामाच्या जमिनीचे प्रकरण वेगळे आहे. हा विमानतळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या प्रकल्पातून खासगी विकासकाने उभारला असल्याने तुम्हाला मिळेल तो पोटपट्टा, म्हणजे विकासकाच्या मूळ पट्ट्यातून पुढे दिलेला पट्टा. तेव्हा मूळ करार मागून वाचावा, त्यात पोटपट्ट्याची मुभा आहे का आणि महामंडळाची लेखी संमती लागते का, हे तपासावे. अटभंगामुळे मूळ पट्टा संपुष्टात आला, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११५ नुसार पोटपट्टाही सामान्यतः संपतो. तुम्ही भाडे वेळेवर भरले होते, एवढ्याने तो वाचत नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. विमानतळाजवळच्या बांधकामाला लागणारी उंचीची परवानगी बांधकामाआधी कोणी आणायची, हेही दस्तात लिहावे.

माझा सल्ला विचाराल, तर आधी गाळा चालवून एक पर्यटन हंगाम आणि एक पावसाळा पाहावा. तोवर माल कारखान्यातूनच न्यावा. वेंगुर्ले ते चिपी अंतर काही फार नाही.