सुताचा रंग, पेशीचा रंग

(‘विचारा, सांगते’ : वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त लॅब टेक्निशियनची उत्तरं)

प्रश्न : आमचं घर शहापूरचं, काम सूत रंगवायचं. आता पावरलूमवाले तयार रंगीत सूत आणतात, म्हणून धंदा नावापुरताच राहिलाय. मुलगी बेळगावात डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करते. तिच्या वहीत मिथिलीन ब्लू, काँगो रेड ही नावं बघून मी चाट पडलो. काँगो रेड तर आमच्या वडिलांच्या तोंडी असायचा. कापडाचे आणि रक्त तपासायचे रंग एकच काय? आणि धुतल्यावर पेशीचा रंग उतरत कसा नाही?

उत्तर : दादा, या खेपेला रंगांवर तीन पत्रं आलीत. सगळ्यात जास्त जागा तुम्हाला देते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच हातात आहे.

रंग तेच. लॅबवाल्यांनी ते तुमच्या धंद्यातूनच उचलले. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराला क्विनीन बनवायला जाता जाता जांभळा रंग सापडला आणि डांबरापासून कापडाचे रंग काढायचे कारखाने उभे राहिले. मिथिलीन ब्लू १८७६चा, जर्मनीच्या बीएएसएफमधल्या हाइनरिश कारो यांचा, तोही कापडासाठीच. त्याच सुमारास पॉल एर्लिश हे वैद्यकीचे विद्यार्थी असले रंग पेशींवर घालून बघत होते. १८७८ सालचा त्यांचा प्रबंध याच विषयावर आहे.

आता मुद्द्याचं. पेशी जवळजवळ पारदर्शक असते. सूक्ष्मदर्शकाखाली नुसती ठेवली तर कडा तेवढ्या दिसतात. रंग सगळीकडे सारखा चढला तरी काही कळत नाही. तो एका भागावर बसावा आणि शेजारच्या भागावर बसू नये, यातच सगळी गंमत आहे.

मिथिलीन ब्लू रेशमाला चांगला धरतो आणि कोऱ्या कापसावरून उतरतो, हे तुम्हाला मी काय सांगणार? कापसाला आधी हिरड्याच्या पाण्यातून काढावं लागतं. याचं कारण विजेचा भार. हा रंग पाण्यात धन भार घेऊन फिरतो आणि ऋण भाराची जागा दिसली की चिकटतो. रेशीम म्हणजे प्रथिन, त्यात अशा जागा असतात. कापसात त्या फारशा नसतात, त्या हिरड्यातलं टॅनिन पुरवतं. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो आणि त्याच्या सबंध कण्यावर फॉस्फेटचे ऋण भार असतात. म्हणून निळा रंग तिथे जाऊन बसतो. इओसिनचं उलट. त्याच्यावर ऋण भार, आणि प्रथिनांत धन भाराच्याही जागा असतात, म्हणून तो त्यांच्याकडे जातो. रक्ताच्या तांबड्या पेशी हिमोग्लोबिनने भरलेल्या, त्या इओसिनने गुलाबी होतात. मुलगी रक्ताच्या पेशी रंगवायला जो लिशमन स्टेन वापरते तो मिथिलीन ब्लू आणि इओसिन यांच्या मिलाफातून होतो, मिथेनॉलमध्ये विरघळवलेला. मिथेनॉल पेशी काचेवर पक्क्या करतो, मग रंग आपापली जागा धरतात.

रंग पक्का करायची तुमची तुरटीसुद्धा आमच्याकडे आहे बरं का! गाठीचा तुकडा तपासायला पाठवतात ना, त्याला हिमॅटॉक्सिलिन लावतात. हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून निघतो. एकटा असला तर तो केंद्रकाला नीट धरत नाही. तुरटीतलं ॲल्युमिनियम मध्ये आलं की धरतो. तुकडा आधी तांबूस दिसतो, जरा अल्कली पाण्यात धुतला की निळा होतो. तुमच्या वडिलांना हे दाखवलं असतं तर त्यांनी लगेच ओळखलं असतं, असं मला वाटतं.

पाण्यावरून आठवलं. लिशमनच्या रंगात घालायच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आंबट की अल्कली ते सांगणारा आकडा, ६.८ च्या आसपास हवा. मी नोकरीला होते तिथे उन्हाळ्यात नळ आटला की बोअरचं पाणी यायचं. कुणी बफर (पीएच स्थिर ठेवणारं पाणी) बनवायचा आळस करून तेच पाणी घातलं की स्लाइडवर सगळंच निळसर, तांबड्या पेशीसुद्धा. पाणी आंबट झालं तर उलट, सगळं गुलाबी आणि केंद्रक फिकट. नवी पोरं रंगाच्या बाटलीला दोष देतात. मुलीला सांगा, आधी पाणी बघ.

काँगो रेड १८८४चा. कापसाला रंगबंधकाशिवाय, म्हणजे हिरडा-तुरटीशिवाय, थेट चढणारा पहिला रंग, म्हणून इतका गाजला. पण तो बेंझिडिनपासून बनतो, आणि बेंझिडिनने मूत्राशयाचा कर्करोग होतो. त्या जातीचे रंग कापडाच्या धंद्यातून बाद झाले ते बरंच झालं. लॅबमध्ये तो अजून आहे. अमायलॉइड नावाचं प्रथिन अवयवांत साचतं, ते त्याने रंगवतात आणि ध्रुवित प्रकाशात ते हिरवं चमकतं. घरी जुना डबा उरला असेल तर पूड उडवू नका, हातमोज्यांशिवाय शिवू नका.

प्रश्न : वडिलांची थुंकी तपासली. रिपोर्टात ‘दोन प्लस’ आहे. लॅबमधल्या माणसाने ‘लाल जंतू दिसले’ म्हणून सांगितलं. लाल म्हणजे जास्त घातक असतात काय? — एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही हो. जंतू लाल नसतो, तो लाल रंगवलेला असतो. क्षयाच्या जंतूवर मेणासारखं जाड आवरण असतं, साधा रंग आत शिरत नाही. म्हणून स्लाइडवर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतून खालून वाफ येईपर्यंत गरम करतात. मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड. बाकी सगळ्या पेशी आणि बहुतेक जंतू लाल रंग सोडून देतात, हा सोडत नाही. शेवटी मिथिलीन ब्लू घातला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. या पद्धतीला झील-नील्सन म्हणतात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये हा जंतू जाहीर केला तेव्हा त्यांनी दाखवलेला जंतू मिथिलीन ब्लूने रंगवलेला, निळा होता. एर्लिश त्या सभेला हजर होते आणि लागलीच त्यांनी पद्धत सुधारायला घेतली.

‘प्लस’ हा मोजणीचा भाग आहे. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी जो गोल दिसतो त्यात सरासरी एक ते दहा जंतू असले तर दोन प्लस, दहाच्या वर तीन प्लस. शंभर गोलांत मिळून दहा ते नव्व्याण्णव असतील तर एक प्लस. म्हणजे वडिलांच्या कफात जंतू बरेच आहेत, खोकताना तोंडावर फडकं हवंच, आणि घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः लहान मुलांनी, तपासून घ्यायला हवं. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बरं वाटायला लागल्यावर लोक ती सोडतात, तेवढं होऊ देऊ नका. पुन्हा नमुना मागतील तेव्हा सकाळी उठल्यावर खोल श्वास घेऊन छातीतून आलेला कफ द्या. तोंडातली लाळ दिली तर जंतू असूनही सापडत नाहीत.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन घातलं तर सगळंच पिवळं दिसतं, पुस्तकासारखं निळं-काळं का होत नाही? कुंकू किंवा गुलाल घालून बघितलं तर चालेल का? — एक आई, खानापूर

उत्तर : ताई, निळं-काळं स्टार्चला होतं आणि कांद्याच्या पापुद्र्यात स्टार्च जवळजवळ नसतं. बटाटा ब्लेडने खरवडून ते पाणी काचेवर घ्या, त्यात आयोडीन घाला, निळे-काळे दाणे दिसतील. कांद्यात पेशी पिवळसर आणि केंद्रक जरा गडद तपकिरी, एवढंच दिसायला हवं. पापुद्रा आतल्या पाकळीच्या खोलगट बाजूचा घ्या, तो एकाच थराचा निघतो.

कुंकू, गुलाल नको. त्यांचे कण पाण्यात विरघळत नाहीत, तसेच पसरून दिसतात आणि मुलगा त्यांनाच पेशी समजेल. त्यापेक्षा मेडिकलमधून जेंशियन व्हायोलेटची एक टक्क्याची बाटली आणा. एका थेंबाला दहा-पंधरा थेंब पाणी घाला. गालाच्या आतून स्वच्छ टूथपिकने हलकेच खरवडून काचेवर पसरा, वाळू द्या, वर हा रंग घाला, मिनिटभराने पाण्याने हलकेच धुवा. मधोमध जांभळा ठिपका दिसला की ते केंद्रक. जुने कपडे घालून बसवा त्याला. हा रंगही धन भाराचा आणि कातडी प्रथिनाची, त्यामुळे बोटं काही दिवस जांभळीच राहणार. साबणाने घासत बसू नका, वरचा थर झडला की जाईल.