फ्रेंच व्यंगचित्रकार सांपे कोण होते? फक्त 'निकोला'साठीच प्रसिद्ध आहेत का?

निकोला या शाळकरी मुलाच्या गोष्टींमुळे नाव झालं हे खरं, पण तेवढ्यावर थांबलात तर अर्धे सांपे हुकतील.

झाँ-जाक सांपे (१९३२–२०२२) बोर्दोजवळ जन्मले. घरची परिस्थिती बेताची, शाळेतून काढून टाकलेलं. दारोदार दंतमंजन विकलं, सायकलवरून वाईन पोचवली, मग वय खोटं सांगून सैन्यात भरती. व्हायचं होतं जॅझ वादक!

१९५० च्या दशकात लेखक रने गोसिनी (हो, ॲस्टेरिक्स कॉमिक्सवालेच) भेटले आणि दोघांनी मिळून निकोला घडवला. लेखन गोसिनींचं, चित्रं सांपेंची.

माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण एकेकट्या चित्रांत आहे. अवाढव्य शहर, उंचच उंच इमारती आणि कोपऱ्यात एक इवलासा माणूस, स्वतःच्याच तोऱ्यात. हसू येतं, पण त्या माणसाची टर उडवलेली नसते. राजकीय चिमटे तर जवळजवळ नाहीतच.

१९७८ मध्ये 'न्यू यॉर्कर' या अमेरिकी साप्ताहिकावर त्यांचं पहिलं मुखपृष्ठ आलं. पुढे शंभराहून अधिक झाली. सुरुवात करायची तर ती मुखपृष्ठंच आधी बघा, फ्रेंच यायची गरजच नाही.