स्टार्टअप बंद पडलं म्हणजे मीच फेल का?

"मॅडम, सहा वर्षं वाया गेली." काउन्सेलर म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता फक्त वर्षांचा आकडा बदलतो. कोणाचं फंडिंग संपलेलं असतं, कोणाचं पार्टनरशी फाटलेलं असतं, कोणी शेअर्सच्या आशेवर कमी पगारात रात्रंदिवस राबलेला असतो. सगळे सॉफ्टवेअरवाले, सगळे हुशार, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, की मुळात माझ्यात काही दम आहे का. म्हणून आज त्यातल्या एकाबद्दल लिहितेय. निखिल म्हणूया त्याला (नाव आणि तपशील बदललेत).

वय सदतीस, स्वतःचं प्रॉडक्ट, ते बंद पडून चार महिने झालेले. झोप नाही, इंटरव्ह्यूचा फोन आला की उचलायचा नाही. मित्र त्याला धीर द्यायला स्लॅकची गोष्ट पाठवायचे. ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम 2012 मध्ये बंद पडला आणि त्या टीमने स्वतःच्या कामासाठी बनवलेल्या चॅटमधून पुढे स्लॅक हे ऑफिसांत वापरलं जाणारं चॅट ॲप उभं राहिलं, ती. निखिल म्हणाला, "ती वाचली की अजून वाईट वाटतं, कारण माझ्या हातात तर काहीच उरलं नाही." मला त्याचं पटलं. असा धीर देताना आपण माणसाला पुन्हा निकालावरच तोलत असतो, फक्त निकाल पुढे ढकलतो.

मी त्याला सांगितलं, काय चुकलं ते लिहून आणा. पुढच्या वेळी दोन पानं घेऊन आला, 23 मुद्दे, आणि प्रत्येक ओळ 'मी'ने सुरू. मी आठ महिने चालता कोड फेकून सगळा नव्याने लिहीत बसलो. मी आंधळा होतो. मी चार जणांच्या नोकऱ्या घालवल्या. मी लायकच नव्हतो.

मी त्यावर काही बोलले नाही. विचारलं, "रात्री सर्व्हर बंद पडला तर तुम्ही काय करायचात?"

"आधी चालू करायचा. मग दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेम लिहायचं."

"त्यात काय असतं?"

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात जीव आला. किती वाजता काय झालं, त्या क्षणी आम्हाला काय माहीत होतं, अलार्म का वाजला नाही, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं, सगळं भराभर सांगितलं.

"आणि चूक कोणाची, ते?"

"ते नाही लिहायचं मॅडम! ब्लेमलेस असतं ते. नाव घेतलं की पोरं पुढच्या वेळी लपवतात, मग खरं कारण सापडतच नाही." मग त्याने गिटलॅबचं सांगितलं, म्हणजे प्रोग्रामर लोकांचा कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या कंपनीचं. 31 जानेवारी 2017 ला तिथल्या एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस डिलीट केला, जवळपास 300 जीबी, बॅकअप बघायला गेले तर ते नीट चालतच नव्हते, शेवटी सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने सगळं जगासमोर मांडलं, आणि त्या रिपोर्टमध्ये त्या माणसाला म्हटलं होतं 'टीम मेंबर वन'. बस.

मी त्याची दोन पानं त्याच्याकडे सरकवली. "हे पोस्टमॉर्टेम आहे?"

बराच वेळ तो बघत राहिला. मीही गप्प बसले, अशा वेळी गप्प बसणं हेच खरं काम असतं आणि ते मला यायला खूप वर्षं लागली.

"नाही," तो म्हणाला. "ही चार्जशीट आहे."

अल्बर्ट एलिस हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ माझा आवडता माणूस, 1950 च्या दशकात त्याने जी विचारपद्धत मांडली तिच्यावर माझं बरंचसं काम उभं आहे. त्याचं म्हणणं साधं, कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. पण हे मी निखिलला समजावलं असतं तर त्याने मान हलवली असती आणि घरी जाऊन चोविसावा मुद्दा लिहिला असता. त्याच्याकडे हे शहाणपण आधीच होतं, रोजच्या कामात वापरत होता, फक्त स्वतःला लावत नव्हता.

पुढची पानं त्याने 'टीम मेंबर वन' असं लिहून आणली, महिन्यांप्रमाणे. आणि मग खरी कारणं दिसायला लागली. कोड नव्याने का लिहिला? दोन कस्टमर स्लो आहे म्हणाले म्हणून, पण नेमकं कुठे स्लो ते मोजायची सोयच नव्हती. डेमो बघून तीसेक जण 'छान आहे' म्हणाले, ते निखिल आणि पार्टनरने विक्रीसारखं धरलं, पैसे द्याल का हे वर्षभर कोणाला विचारलंच नाही. पहिल्याच दिवशी शेअर्स अर्धे-अर्धे, वेस्टिंग (म्हणजे शेअर्स काम करत राहिल्यावरच हळूहळू हातात येणं) नाही, आणि पार्टनर चौदाव्या महिन्यात अर्धी कंपनी घेऊन निघून गेला.

तुमचंही असं काही झालं असेल तर तुम्हीही आधी तारखा लिहा, विशेषणं नंतर. 'मी मूर्ख होतो' यातून पुढे करण्यासारखं काहीच निघत नाही, 'मोजायची सोय नव्हती' यातून निघतं. पुन्हा काही सुरू करणार असाल तर शेअर्स चार वर्षांत थोडे थोडे मिळतील आणि पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काहीच नाही, हा सर्रास चालणारा नियम मैत्री चांगली असतानाच कागदावर आणा. बँकेतले पैसे रुपयांत मोजू नका, महिन्यांत मोजा, आणि किती महिने उरले की थांबायचं ते डोकं शांत असताना घरच्यांसमोर ठरवा, कारण पैसे संपत आले की प्रत्येकाला अजून एकच महिना हवा असतो. इंटरव्ह्यूमध्ये का बंद पडलं विचारलं तर माफी मागू नका, तेव्हाचा एखादा निर्णय निवडा आणि तो त्या वेळी का बरोबर वाटला, नंतर काय कळलं, ते सांगा. निखिलने तेच केलं, तिसऱ्या ठिकाणी नोकरी मिळाली.

मला काहीजण विचारतात, मग जबाबदारी कुणाचीच नाही का? आहे की. चार जणांच्या नोकऱ्यांचा मुद्दा निखिलच्या नव्या कागदावरही होता, आणि त्याने स्वतःहून चौघांना फोन केले. तिघे चांगलं बोलले. चौथी म्हणाली, "पैसे संपतायत हे आम्हाला दोन महिने आधी सांगायला हवं होतंस, मी तेव्हा दुसरी ऑफर सोडली." त्याने ऐकून घेतलं, सॉरी म्हणाला, आणि पुढच्या सेशनला कागद घेऊन आला तेव्हा ती ओळ तारखेसकट त्यात लिहिलेली होती.