खाडीतले खुंट

प्रश्न : ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत फ्लेमिंगो पाहायला गेलो होतो. ओहोटी होती. झाडांभोवती चिखलात पेन्सिलीएवढे शेकडो खुंट दिसले. कुणी रोपं छाटली आहेत का? काही पानांवर पांढरी भुकटीही होती. हा रोग आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : छाटलेलं काही नाही आणि रोगही नाही. तुम्ही पाहिलीत ती तिवरं, म्हणजे खारफुटीची (कांदळवनातली) झाडं. या खाडीत त्यांचंच राज्य आहे. ते खुंट म्हणजे त्यांची मुळं, खाली जायचं सोडून वर आलेली. खाडीचा काळा चिखल बोटांत घेऊन पाहा, लोण्यासारखा मऊ लागतो आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. त्याच्या आत हवा जवळजवळ नसतेच. म्हणून तिवर नाक वर काढतं. वीतभर मुळावर भिंग धरलं की बारीक छिद्रं दिसतात. ओहोटीला त्यांतून हवा आत शिरते आणि चिखलात गाडलेल्या मुळांपर्यंत पोचते. चिपी या दुसऱ्या खारफुटी झाडाची अशी श्वसनमुळं याहून जाडजूड असतात. (पांढरी चिपी हा २०२० पासून आपला राज्य कांदळवृक्ष आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.)

भुकटी म्हणजे मीठ. खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतं. कॉलेजात शिकवत असताना मी मुलांना पानावर बोट फिरवून जिभेला लावायला सांगायची. पुस्तकातलं विसरले असतील, ती चव कुणी विसरलं नसेल.

त्या खुंटांबद्दल मात्र माझा जीव तुटतो. आमच्या घरामागच्या तिवरांत एका रात्रीत डंपरने राडारोडा ओतला. एकाही झाडाला कुऱ्हाड लागली नव्हती. पण श्वसनमुळं गाडली गेली आणि पुढच्या काही महिन्यांत झाडं उभ्या उभ्या वाळली. तक्रारी करून राडारोडा उचलून घेतला, तोवर उशीर झाला होता. ठाणे खाडी २०१५ साली अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, तरी काठाकाठाची तिवरं अशी गुदमरताना दिसली तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाला लगेच कळवा. वाट पाहू नका.

आणि पावसाळ्यात एकदा पुन्हा जा. तेव्हा तिवराला वालाच्या दाण्यासारखी चपटी फळं येतात. बी झाडावरच, फळाच्या आतच रुजायला लागतं. पाण्यात पडलं की साल सुटते, भरतीबरोबर तरंगत जातं आणि चिखलाला टेकलं की मूळ धरतं. फक्त हे काठावरून पाहा. चिखलात उतरलात तर पायाखाली खुंट मोडतील.