नवरा बोलत नाही, सारखा चिडतो, जवळ येत नाही. त्याचं माझ्यावर प्रेम उरलं नाही का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर सातपूर एमआयडीसीत शिफ्टला आहेत, दिवाळीपासून बोलणं जवळजवळ बंद, मुलीवर पण खेकसतात आणि माहेरचे म्हणतायत सोडून ये. सोडायचं का ते नंतर ठरवा. आधी हे बघा, ते फक्त तुमच्यापासून लांब गेलेत की सगळ्यापासूनच?

माझ्या मोठ्या भावाचं असंच झालेलं, तो अंबडला कंपनीत, आणि वहिनीला वाटायचं की राग आपल्यावरच आहे. पण मित्रांचे फोन तो उचलत नव्हता, मॅच लावली तरी बघायचा नाही, रविवारची मिसळ सुद्धा सोडली त्यानं, नाशिकच्या माणसानं मिसळ सोडली म्हणजे बघा, आणि पहाटे तीन-चारला जाग आली की छताकडे बघत पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले डिप्रेशन आहे. पुरुषांमध्ये बऱ्याचदा ते रडण्यातून नाही तर चिडचिडीतून, दारूतून, गप्प बसण्यातून दिसतं, शरीरसंबंधाची इच्छाही जाते, आणि बायकोला वाटतं मीच नकोशी झाले. दोन आठवड्यांच्या वर रोजच असं चाललं असेल तर दाखवायलाच हवं, तुमचं तर महिने झाले. नाईट शिफ्टनं झोपेचं वाटोळं होतं ते वेगळंच, थायरॉइडनं पण मूड जातो म्हणून डॉक्टर कधीकधी रक्त तपासायला सांगतात.

याउलट ते बाहेर मजेत असतील, मित्रांत हसत असतील आणि फक्त घरात तोंड बंद, तर मामला तुमच्या दोघांतला असू शकतो, त्याला मॅरेज काउन्सेलर लागेल. आणि हात उचलत असतील तर आजार आहे म्हणून सहन करत बसू नका प्लीज, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, लगेच धोका असेल तर ११२.

"तुम्हाला मानसिक त्रास आहे" असं म्हणालात तर ते उठून जातील. झोपेवरून सुरुवात करा, "तुमची झोपच होत नाहीये हो, एकदा दाखवून येऊ". झोपेसाठी डॉक्टरकडे जायला पुरुषांना लाज वाटत नाही. प्रायव्हेट परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठी पण करा, तुमचीही झोप उडालीच असणार. जगण्यात अर्थ नाही असं काही ते बोलले तर विषय बदलू नका, सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं ते डोक्यात येत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दाखवा.

डिप्रेशनच्या गोळ्यांचा फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. काही गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छा अजून कमी होते, तेव्हा परत स्वतःला दोष देऊ नका, डॉक्टरना सांगा, ते गोळी बदलू शकतात, पण मनानं बंद करायची नाही.

पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जाच. झोप, भूक, दारू, चिडणं कधीपासून ते कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर ते "तसं ठीक आहे" एवढंच सांगतील.