'ज्युरासिक पार्क' घरी बघताना

मुलांना घेऊन पहिल्यांदाच बसणार असाल तर १९९३चा मूळ 'ज्युरासिक पार्क'च लावा, पुढचे भाग मागाहून. सिनेमा दोन तासांहून जरा मोठा आहे, तेव्हा जेवणं आधी उरकून घ्या. पहिला तासभर टी-रेक्स हा अजस्र डायनोसॉर दिसतच नाही. मुलं चुळबुळ करतील, तरी पुढे पळवू नका. ती वाट बघण्यातच खरी मजा आहे. डॅशबोर्डवरच्या ग्लासातलं पाणी थरथरायला लागलं की कोणालाही बोलू देऊ नका!

टीव्हीचा आवाज पातळ असेल तर साधा साउंडबार जोडाच. टी-रेक्सची डरकाळी हत्तीचं पिल्लू, वाघ आणि ॲलिगेटर यांचे आवाज मिसळून केलेली आहे. हे आधीच सांगून ठेवलंत की धाकट्यांची भीती बरीच कमी होते.

स्वयंपाकघरातला रॅप्टर या शिकारी डायनोसॉरचा प्रसंग मात्र अंगावर येतो. लहान मूल असेल तर त्याला मांडीवर घ्या, दिवा चालू ठेवा. नंतर सांगा, खरा रॅप्टर, म्हणजे व्हेलोसिरॅप्टर, जेमतेम टर्कीएवढा होता, अंगावर पिसं असलेला. आणि आपल्याकडच्या राजासॉरस या डायनोसॉरचंही नाव काढा. त्याची हाडं गुजरातेत रहियोलीला सापडली. ते गाव मुलांना नकाशावर शोधायला लावा.